एकूण उद्धरणे

फॉर्म विचारतो : एकूण उद्धरणे.
मी लिहिते, एकोणीस.
फॉर्म विचारतो : स्वतःची वगळून.
मी खुर्ची जरा मागे सरकवते.
चौदा.

त्यातल्या एकात माझं आडनाव फिरके नाही, फिराके आहे.
एकात मी पुरुष आहे.
एक म्हणतं, फिरके यांच्या निष्कर्षांच्या उलट,
आणि उलट म्हणजे काय ते सांगतच नाही.
एक मात्र मी छापून ठेवलंय :
कुठल्याशा थंड देशातल्या मुलीचा प्रबंध,
पान दोनशे अकरा, तळटीप.
तिनं पेपर वाचला होता.
वाचलेलं कळतं.

पुण्यात थांबलेल्या रजनीची बाराशेच्या वर.
दिवाळीला तिचा फोन येतो,
आम्ही भरताच्या वांग्यांवर बोलतो.

फैजपूरला अंडी मुनाफ तडवी आणायचा,
यावलहून, सायकलला ट्रे बांधून,
मधे केळीच्या वाळक्या पानांचा थर.
"खायची नाहीत, कोंबडा लागलेली आहेत,"
हे तो गेटपासून ओरडत यायचा
आणि प्राचार्य खिडकी लावून घ्यायचे.

पिवळ्या बलकावर नाण्याएवढा पांढुरका डाग.
त्यात दर दीड तासाला
पाठीच्या गाठींची एक जोडी उमटते,
आत कुणी शिंपी टाके मोजत बसल्यासारखी.
तेहतिसाव्या तासाच्या आसपास
एक वाकडी नळी थरथरते.
रक्त अजून फिरत नसतं.
वाहून न्यायला काहीच नसताना
हृदय सुरू होतं.
दरवर्षी एखादा मुलगा विचारायचाच,
मग कशासाठी, मॅडम?
मी सांगायची, वहीत आकृती काढा. पेन्सिलनं.

मग भारनियमनाची वर्षं आली.
डिसेंबर, पारा सातवर, पेटीचं दार सुतळीनं बांधलेलं.
मी अंगातला स्वेटर काढून तिच्यावर टाकला, मग घरची गोधडी,
तरी आकडा उतरतच राहिला.
छत्तीस. एकतीस. बावीस.
सकाळी फेकायला म्हणून उचललेलं,
टरफलाला खिडकी पाडून टेप लावलेलं अंडं
थांबलं होतं.
मेलं नव्हतं.
अकराव्या जोडीवर हिशेब अर्धा टाकून बसलेलं,
ऊब आली तशी बारावीपासून पुढे.

ह्या एका सकाळीवर माझी सात वर्षं गेली.

परदेशी परीक्षकानं विचारलं :
दोन तास चाळीस, पंचावन्न मिनिटं, सहा तास दहा,
हे खंड कोणत्या तत्त्वावर निवडले?
उपकेंद्रातले सुपडू वायरमन, असं लिहिणार होते.
लिहिलं, यादृच्छिक.

मुनाफनं तो पेपर पाहिलाही नाही.
गेटबाहेर चहा पिताना मी सांगितलं होतं, तेवढंच.
त्याच्या मेहुण्याची सावद्याला हॅचरी आहे.
लाईट गेली की पहिल्या दोन दिवसांची अंडी
ते आता उकिरड्यावर नेत नाहीत,
पोतं टाकून वाट बघतात.
चोपड्यापर्यंत तसंच करतात म्हणे.
मेहुणा त्याला मुनाफभाईची रीत म्हणतो.
फॉर्ममध्ये मेहुण्यासाठी रकाना नाही,
आणि असता तरी
तिथंही नाव माझं नसतंच.
याचं मला वाईट वाटतं का?
थोडं वाटतं.

एच-निर्देशांक, फॉर्म विचारतो.
मी तीन टाकते
आणि लाईट जाते.
जतन केलं नव्हतं.
रस्त्यावर केळीचा ट्रक मागे घेताहेत,
कुणीतरी ओरडतंय, येऊ दे, येऊ दे, बस.

मी सवयीनं मनगट डोळ्यांजवळ नेते.
आठ दहा.

नऊ चाळीसला एक जोडी.